स्प्रिंग की चुंबक?

आमच्या घरी यंदाचा नवतपा चुंबकांच्या संगतीत गेला. बाहेर पारा ४५ च्या आसपास, खिडकीत कूलरची घरघर, फ्रिजमध्ये कैरीचं पन्हं, आणि बैठकीच्या खोलीत फरशीवर नातवाने मांडलेला पसारा. स्क्रू, वायरी, सोल्डरिंगची कांडी आणि पोट फाडलेली एक जॉयस्टिक. मी झुल्यावर, तो खाली फरशीवर, आणि आमच्यामध्ये मोजून सहा फरशा. हे अंतर त्यानेच आखून दिलं होतं. का, ते पुढे सांगतो.

नातू बंगळुरूला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा आटोपल्यावर पंधरा दिवसांसाठी एकटाच आला. बॅगेत कपडे कमी आणि सामान जास्त. माझ्यासारख्या ज्येष्ठांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो आणि त्याची दांडी म्हणजे ही जॉयस्टिक. पुढे लोटली की विमानाचं नाक खाली, मागे ओढली की वर, डावीकडे कलवली की विमान डावीकडे कलणार. हात सोडला की दांडीने आपोआप मधोमध येऊन उभं राहायचं. या 'आपोआप'मध्येच सगळी गोम आहे.

त्याची दांडी मधोमध येत नव्हती. हात सोडला तरी विमान हळूहळू डावीकडे झुकत जायचं.

"काय करून राहिला बाप्पा?" मी विचारलं.

"आबा, हिची स्प्रिंग थकली. आता स्प्रिंग काढून चुंबक बसवतो."

'थकली' हा शब्द मला आवडला. धातू थकतो हे मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. खरं तर मी मराठीचा मास्तर. पण ३३ वर्षांच्या नोकरीत विज्ञानाचे सर रजेवर गेले, बदलून गेले, किंवा जागाच रिकामी राहिली, की आठवी-नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडायचं. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या माणसाने रात्री जागून वाचायचं आणि सकाळी वर्गात जाऊन ठणकावून सांगायचं! त्यातला माझा सगळ्यात आवडता धडा ताणकाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला नियम अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला होता, दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये म्हणून. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने स्वतःच ते कोडं उलगडलं. पोरांना ही लबाडी फार आवडायची. नियम मात्र अगदी साधा. स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या जोराने ती मागे खेचते. दुप्पट ताणा, दुप्पट खेचेल. अर्थात एका मर्यादेपर्यंत. त्यापलीकडे ताणली की ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

शिवाय स्प्रिंग आम्हा नागपूरकरांच्या घरची. स्प्रिंगच्या पोलादात सिलिकॉनबरोबर मॅंगनीज घालतात, आणि मॅंगनीजच्या खाणी इथून रामटेकच्या वाटेवर मानसरला. त्यामुळे स्प्रिंग काढून टाकायची म्हटल्यावर मी थोडा फुरंगटलोच. म्हटलं, आधी तिचा गुन्हा तर सांग.

त्याने सांगितला. दांडी मध्यापासून लांब असते तेव्हा स्प्रिंग जोरात खेचते. पण मध्याजवळ आली की तिचा जोर संपत येतो, आणि तिथे सांध्याचं घर्षण जिंकतं. दांडी मध्याच्या केसभर अलीकडेच थांबते. यावर उपाय म्हणून स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबून बसवतात. मग दांडी मध्यावर येते खरी, पण मध्य ओलांडताना प्रत्येक वेळी हाताला उंबरठा लागल्यासारखं होतं. विमान धावपट्टीवर उतरवताना नेमकी तिथेच बारीक बारीक हालचाल लागते, आणि तिथेच हात अडखळतो.

"पण या दांडीत चुंबक आधीच आहे म्हणालास ना?"

"ते वेगळं, आबा. ते मोजायचं. हे ओढायचं."

हा फरक समजायला मला अर्धा दिवस लागला. दांडी किती कलली हे कॉम्प्युटरला कळावं लागतं. त्यासाठी पूर्वी, आणि स्वस्त मालात आजही, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तशी व्यवस्था करतात. कार्बनच्या पट्टीवरून एक कांडी घासत फिरते. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि दांडी खोटं बोलू लागते. त्याऐवजी आता दांडीला एक छोटं चुंबक लावतात आणि जवळ हॉल सेन्सर नावाचा तुकडा ठेवतात. चुंबक हललं की सेन्सरमधला विजेचा दाब बदलतो. कशाला काही घासत नाही. यामागचं तत्त्व एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करताना शोधलं. १९९८ च्या 'ड्रीमकास्ट' नावाच्या जपानी खेळयंत्राच्या दांडीतही असं मोजणारं चुंबक होतं. पण दांडी परत आणायचं काम तिथेही स्प्रिंगकडेच! आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांना तेही चुंबकाकडून करून घ्यायचं होतं.

मी उत्साहाने कपाटातला माझा शाळेचा डबा काढला. त्यात एक नालाकृती चुंबक आणि दोन पट्टी चुंबकं होती. त्याने ती हातात घेतली, दोन स्क्रू उचलून पाहिले आणि अदबीने परत ठेवली. "आबा, ही रिटायर झाली आहेत." मग कबाडीकडून दोन मेलेल्या हार्ड डिस्क आणल्या. त्यांच्या पोटात निओडिमियमची वाकडी चुंबकं असतात. हे चुंबक १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी तयार झालं. नखाएवढा तुकडा, पण बोट मध्ये सापडलं तर रक्त साकळेल.

मी ते बघायला उठून जवळ जाऊ लागलो आणि पोरगा ओरडला, "आबा, तिथेच थांबा!"

२०२३ साली माझ्या छातीत डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला आहे. मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता. जोरदार चुंबक अगदी जवळ आलं की हे यंत्र हृदयाचं ऐकायचं थांबवतं आणि ठरलेल्या गतीने आपले ठोके देत बसतं. चुंबक दूर गेलं की पुन्हा ऐकू लागतं. निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून थोडं कमी, अंतर ठेवावं असा सल्ला असतो. पोराने वितीच्या सहा फरशा केल्या. "तुम्ही झुल्यावरून सांगा, मी करतो." मास्तरला आणखी काय पाहिजे? बसल्या जागेवरून सूचना देणं हाच तर आमचा धंदा.

आता प्रयोगाचं सांगतो. दांडी मध्ये एका सांध्यावर डुलते. तिच्या तळाला एक चुंबक, त्याच्या बरोबर खाली बैठकीत दुसरं, विजातीय ध्रुव समोरासमोर, आणि मध्ये काही मिलिमीटरची फट. दांडी कलली की तळाचं चुंबक बाजूला सरकतं आणि खालचं त्याला परत ओढतं. कागदावर किती सोपं!

पहिला प्रयत्न फसला. दांडी मधोमध न येता भलत्याच कोपऱ्यात जाऊन खिळून बसली. एक तास डोकं खाजवल्यावर कळलं की हार्ड डिस्कच्या चुंबकाच्या एकाच तोंडावर अर्ध्यात उत्तर आणि अर्ध्यात दक्षिण ध्रुव असतो. बिचाऱ्या दांडीला कुणाकडे जावं तेच कळेना. मग सीताबर्डीला जाऊन साध्या गोल चकत्या आणल्या.

दुसऱ्या प्रयत्नात दांडी मधोमध आली. पण पोराने ती पूर्ण कलवून हात सोडला, तर ती तिथेच आडवी पडून राहिली. जड मूठ वर, आणि खालची ओढ तुटलेली.

"काऊन? ओढत नाही?"

"खूप लांब गेली की नाही ओढत, आबा. स्प्रिंगच्या उलटं आहे हे. स्प्रिंग लांब गेलात की जास्त ओढते. चुंबक जवळ असलात तरच."

अगदी मधोमध असताना बाजूची ओढ शून्य असते. जराशी हलली की ती लगेच जाणवते आणि झपाट्याने वाढते. एका ठिकाणी तिचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि त्यापुढे ती विरत जाते. म्हणून त्याने दांडीभोवती प्लास्टिकचं एक कडं बसवलं. ओढ सुटेल इतकी दांडी कलूच शकणार नाही असं.

मी झुल्यावरून शंका काढली की हे सांधे आणि कडी कशाला, चारी बाजूंनी चुंबकं लावून दांडी अधांतरीच ठेव की! लहानपणी सोमनाथाची मूर्ती चुंबकांच्या जोरावर अधांतरी होती ही दंतकथा आम्ही ऐकलेली. पोराने मोबाईलवरून वाचून दाखवलं की अर्नशॉ नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच याचा निकाल लावला आहे. एका जागी बसवलेल्या नुसत्या चुंबकांच्या भरवशावर दुसरं चुंबक अधांतरी स्थिर राहू शकत नाही. कुठेतरी एक सांधा, एक आधार लागतोच. मी गप्प बसलो. ७६ व्या वर्षी दंतकथा गेली तर वाईट वाटतं हो!

तिसरी अडचण डुलण्याची. घर्षण नाही, त्यामुळे हात सोडला की दांडी मध्यावर यायची, पण देवळातल्या घंटेच्या लोळीसारखी इकडून तिकडे हलत राहायची. इथे मात्र म्हातारा कामी आला. जुन्या वीज मीटरमधली फिरणारी चकती आठवते? ती ॲल्युमिनियमची असायची आणि तिच्या कडेला एक चुंबक असे. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबकाजवळून सरकलं की त्यात विजेचे छोटे भोवरे उठतात आणि ते हालचालीला ब्रेक लावतात. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. म्हटलं, दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घाल. सौ.ने एका जुन्या डब्याचं झाकण दिलं (बरीच घासाघीस करून). पोराने कापून बसवलं. डुलणं कमी झालं, उरलेलं सांध्याला ग्रीस लावल्यावर गेलं. "आबा, भारी!" असं तो म्हणाला. शाळा सोडल्यापासून इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मिळालं नव्हतं.

त्या रात्री ग्रीस पुसता पुसता तो सहज म्हणाला, "आबा, तुम्ही बाबांना मिहानची कात्रणं पाठवायचा ना? आमच्याकडे त्यांची फाईल आहे. आई दर दिवाळीला टाकायला काढते, बाबा टाकू देत नाहीत."

आता हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझा मुलगा १९९५ साली इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा तो बरोबर या पोराच्या वयाचा होता. शिक्षण संपलं, बंगळुरूला नोकरी लागली. एकुलता एक. तो जसजसा लांब जात गेला तसतसा मी जोरात ओढत गेलो. पुण्याला असताना महिन्याला एक पत्र, बंगळुरूला गेल्यावर आठवड्याला एक. २००२ मध्ये सरकारने विमानतळ विकासाची कंपनी काढली आणि सोनेगावच्या विमानतळाला लागून मिहान होणार म्हणून पेपर भरून येऊ लागले. मी एकेक बातमी कापून, तारीख घालून, पोस्टाने पाठवायचो. वर लाल शाईने लिहायचो, 'आता इकडेच संधी.' लाल शाईने! तो घरी आला की पहिल्या तासात माझा प्रश्न असे, "मग, इकडे कधी येतोस?" आज मिहानमध्ये कंपन्या आहेत, विमानांच्या दुरुस्तीचं केंद्रही आहे. पण तोवर तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर आला.

एका दिवाळीत तो शांतपणे म्हणाला होता, "बाबा, मी इथे असतो तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलतच नाही. मी इथे नसण्याबद्दल बोलता." मी चिडलो. त्यानंतर त्याचं येणं वर्षावर गेलं, मग दोन वर्षांवर. पेसमेकरच्या वेळी चार दिवस येऊन राहिला, आणि मी दवाखान्याच्या खाटेवरूनही तोच प्रश्न विचारला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटत होतं, त्याला ओढच नाही.

आणि आता कळतं की फाईल आहे.

सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही शाळेतही तसेच होता. पोरगं जागेवरून हललं की कान धरून आणायचे." खरं आहे. पोरं जागेवर यायची, पण मी पाठ वळवेपर्यंतच. जी जवळ राहिली, अजून घरी येतात, त्यांचे कान मी क्वचितच धरले असतील. ती माझ्या विज्ञानाच्या अर्ध्याकच्च्या तासांनाच पुढच्या बाकावर येऊन बसायची.

उपमा फार ताणू नये, तीही सैल पडते. चुंबकाचंही सगळं चांगलं नाही. पलीकडे गेलेल्याला ते सोडून देतं, त्याला कडं लागतं, सांधा लागतो. ही फाईल आमचा सांधा असेल, किंवा सौ.चे दर सोमवारचे फोन, ज्यांत ती फक्त भाजी काय केली ते विचारते. मी त्या फोनना नेहमी वायफळ म्हणत आलो.

निघायच्या आदल्या दिवशी पोराने मला जॉयस्टिक हातात दिली. आधी फूटपट्टीने टेबलापासून माझ्या छातीपर्यंतचं अंतर मोजलं. ५० सेंटिमीटर. "चालेल, फक्त वाकू नका." पडद्यावर नागपूर होतं. खाली अंबाझरी तलाव, पुढे सोनेगावची धावपट्टी. मी दांडी उजवीकडे कलवली आणि हलकेच सैल सोडली. झटका नाही, उंबरठा नाही. दांडी आपली मध्यावर आली, आणि आली हे हाताला कळलं. विमान सरळ झालं. पुढे मी ते धावपट्टीच्या बाहेर शेतात उतरवलं, तो भाग वेगळा!

रविवारी मुलाचा फोन आला, पोरगा सुखरूप पोचला हे सांगायला. मी त्याला दांडीची सगळी हकीकत सांगितली, हार्ड डिस्कचे दोन ध्रुव, डब्याचं झाकण, सगळं. तो हसला. म्हणाला, "वीज मीटरची ती आकृती तुम्ही मलाही दाखवली होती. स्टुलावर चढवून, आपल्या जिन्याखालच्या मीटरपाशी." मला आठवत नव्हतं. मग त्याने उन्हाचं विचारलं, कूलरच्या पंपाचं विचारलं. एरवी चार मिनिटांत आटपणारा फोन बराच वेळ चालला. फाईलबद्दल मी बोललो नाही. शेवटी नेहमीची ती जागा आली. दोघंही क्षणभर थांबलो. तो माझ्या प्रश्नाची वाट पाहत होता, हे मला स्वच्छ जाणवलं.

मी म्हटलं, "ठेवू का? पन्हं गरम होऊन राहिलं."

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "विचारलं नाही?"

"नाही."

ती काही बोलली नाही. तो येईल, न येईल. एका फोनने ३० वर्षांचा हिशेब जुळत नसतो, एवढं कळण्याचं माझं वय आहे.

पोराने जाताना घरातलं एकूण एक चुंबक गोळा करून नेलं, फ्रिजवरची फुलपाखरंसुद्धा. माझ्या टेबलावर तेवढी ती जुनी स्प्रिंग ठेवून गेला. ती मी पेनांच्या डब्यात घालून ठेवली आहे. इतकी वर्षं तिचीच बाजू शिकवली, टाकवत नाही.